यंत्राची नाडीपरीक्षा

वर्ध्याचा उन्हाळा ज्याने अनुभवला नाही, त्याला थंड पाण्याची खरी किंमत कळली आहे असे मी म्हणणार नाही. वैशाख लागला की वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघे गावात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. कडुनिंबाखालची कुत्रीसुद्धा सावली सरकेल तशी मुकाट्याने सरकतात. बाहेरगावच्या माणसांचा आमच्या गावाविषयी नेहमी एक घोटाळा होतो, तो येथेच दूर केलेला बरा. नागपूरच्या वाटेवर रेल्वेचे स्थानक असलेले सिंदी ते निराळे, आणि आमचे सिंदी निराळे. सावंगी, बोरगाव, पिपरी या शेजारच्या गावांप्रमाणे आमच्याही गावाच्या नावापुढे ‘मेघे’ हा शब्द लागतो. नावात मेघ असले, तरी मे महिन्यात आमच्या आकाशात औषधालाही एखादा मेघ सापडत नाही.

अशा गावात माठाचे राज्य असावे यात नवल नाही. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, कोरड्या हवेत त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी माठातील उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. आमच्या शेजारच्या सेवाग्रामला १९३६ साली महात्मा गांधी राहावयास आले, तेव्हा तेथे विजेचा पंखाही नव्हता. पाणी गार करावयाचे ते माठानेच. पुढे घरोघरी फ्रिज आला आणि माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकला. परंतु गंमत अशी की, या दोघांची युक्ती मुळात एकच आहे. फ्रिजमध्येही एक द्रव वाफ होतो आणि वाफ होताना आतल्या वस्तूंची उष्णता शोषून घेतो. फरक एवढाच, की माठाची वाफ वाऱ्यावर निघून जाते, आणि फ्रिजची वाफ कोंडून धरलेली असते. तिला दाबून, पाठीमागच्या काळ्या नळ्यांत तिची उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव करावा लागतो. हे दाबण्याचे कष्टाचे काम करणारा जो काळा लोखंडी डबा फ्रिजच्या तळाशी बसलेला असतो, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. फ्रिजच्या पाठीला हात लावला तर तो गरम लागतो, तो त्यामुळेच. आतून काढलेली उष्णता तेथे बाहेर पडत असते.

यंत्राने गारवा निर्माण करण्याची विद्या फार जुनी नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाने भरलेले जहाज कोलकात्यास आले, तेव्हा तो बर्फ पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. तळ्यावर गोठलेला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, समुद्रावरून महिनोन्‌महिने आणलेला तो माल होता! त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९५८ साली, मुंबईच्या गोदरेज कारखान्याने भारतात बनवलेला फ्रिज बाजारात आणला. आता आमच्यासारख्या गावातही फ्रिज नसलेले घर शोधावे लागते.

या कॉम्प्रेसरविषयी माझ्या मनात पूर्वीपासून कुतूहल होते. गिरणीतले यंत्र उघडे असते. त्याचा पट्टा फिरताना दिसतो. शिवणयंत्राचे चाक आपल्या हातात असते. परंतु कॉम्प्रेसरची मोटर आणि दट्ट्या दोन्ही एकाच डब्यात घालून तो डबा चोहोबाजूंनी झाळून टाकलेला असतो. त्याला झाकण नाही, खिडकी नाही. बाहेर डोकावतात त्या केवळ तीन बारीक खुंट्या. मग आत काय बिघडले हे बाहेरून कसे ओळखावयाचे? वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून पोटातले दुखणे सांगतो अशी आख्यायिका आपण ऐकतो. ही तर तीन खुंट्यांवरची नाडीपरीक्षा! ती मी प्रत्यक्ष पाहिली, ती आमच्या मिस्त्रीकाकांच्या हातून.

मिस्त्रीकाका हे वर्ध्याच्या बाजारात उमेदवारी करून शिकलेले कारागीर. त्यांच्या पिशवीत पक्कड, पाने, टेस्टर आणि एक मीटर असे. याखेरीज एका लाकडी पाटीवर दिवा बसवलेला असे, त्याला ते ‘सिरीज बोर्ड’ म्हणत. बोलणे मोजके. घरात शिरल्याबरोबर यंत्राला हात लावण्याची त्यांना सवय नव्हती. मला वाटते, त्यांच्या विद्येचा अर्धा भाग या हात न लावण्यात होता.

एका मे महिन्यात आमच्या शेजारच्या आजींचा फ्रिज बंद पडला. एरवी फ्रिज बंद पडला तर दूध नासते, भाजी सुकते, एवढेच. परंतु आजींना मधुमेह होता आणि त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्या फ्रिजमध्ये होत्या. हे औषध २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात साठवावे लागते. कडक उन्हाळ्याच्या उष्म्यात त्याची शक्ती हळूहळू नाहीशी होते, आणि शक्ती गेलेले औषध दिसावयास मात्र पूर्वीसारखेच दिसते. आजींनी त्या बाटल्या एका घट्ट झाकणाच्या डबीत घातल्या, डबी मडक्यात ठेवली आणि मडके ओल्या फडक्याने गुंडाळले. माठ पुन्हा कामास आला! पण हा उपाय थोड्या वेळापुरता होता. आदल्या संध्याकाळी एक दुरुस्ती करणारा येऊन गेला होता. त्याने काळ्या डब्यावर हात ठेवला, चटका बसताच हात मागे घेतला आणि ‘कॉम्प्रेसर जळाला, नवा टाकावा लागेल’ असा निकाल दिला. नव्या कॉम्प्रेसरचा खर्च काही हजारांचा होता. आजींचे घर त्यांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर चाले. त्या रात्री त्या झोपल्या नसाव्यात, असे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होते.

सकाळी मिस्त्रीकाका आले. आजींचा सहावीत शिकणारा नातू आणि मी त्यांच्यामागे उभे राहिलो. त्यांनी प्रथम खिडकी उघडली आणि शेजारची शेगडी विझवण्यास सांगितले. कारण मी नंतर विचारले. पूर्वीच्या फ्रिजमधील वायू आकाशातील ओझोनच्या थराला अपाय करीत. म्हणून १९८७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी अनेक राष्ट्रांनी करार केला आणि पुढे ते वायू बंद झाले. त्यांच्या जागी आज घरगुती फ्रिजमध्ये पुष्कळदा जो वायू भरतात, तो ओझोनला इजा करीत नाही, पण ज्वालाग्राही असतो. गळती झालेली असली तर ठिणगीचे भय!

“कवापासून बंद आहे, माय?” त्यांनी आजींना विचारले.

“परवा सांजेला लाइन चार-पाच वेळा गेली न आली. तवापासून गार होत नाही.”

मिस्त्रीकाकांनी फ्रिजचे दार उघडले. आतला दिवा लागला. म्हणजे भिंतीतल्या खुंटीपर्यंत आणि तारेतून आतपर्यंत वीज पोचत होती. पण दिवा मिणमिणत्या विजेवरही लागतो. मोटरीला तेवढ्याने भागत नाही. म्हणून त्यांनी मीटर लावून विजेचा दाब मोजला. तो २२० व्होल्ट भरला. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी घरोघरचे कूलर एकदम सुरू होतात, तेव्हा हाच दाब पुष्कळ खाली उतरतो आणि धडधाकट मोटरीलाही उठवत नाही. परंतु आता सकाळ होती, दाब पुरेसा होता, आणि तरी फ्रिज चालत नव्हता. तेव्हा दोष बाहेरचा नव्हे, आतलाच, हे ठरले.

मग त्यांनी बोट ओठांवर ठेवून आम्हांला गप्प केले. आम्ही कान दिले. डब्यातून ‘घूं’ असा जड, कोंडलेला आवाज आला. काही क्षणांनी ‘टक्’ झाले आणि सारे शांत झाले. पाच-सात मिनिटे गेली. पुन्हा ‘टक्’, पुन्हा ‘घूं’, पुन्हा ‘टक्’.

“ऐकलंस, बाबू?” ते नातवाला म्हणाले, “मुख्य वाइंडिंगमध्ये वीज जाते आहे, म्हणून हा आवाज. पण चाक फिरत नाही. का फिरत नाही, ते अजून ठाऊक नाही.”

हे वाक्य मला फार आवडले. आदल्या दिवशीचा माणूस एका चटक्यावर निकाल देऊन गेला होता. आणि हा मनुष्य एवढे ऐकूनही ‘अजून ठाऊक नाही’ म्हणत होता.

चाक न फिरण्याचे कारण समजण्यासाठी या मोटरीचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागतो. १८८८ साली निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने उलटसुलट वाहणाऱ्या विजेवरील मोटरीचे पेटंट मिळवले. आपल्या फ्रिजमधील मोटर त्याच कुळातली. आपल्या घरी येणारी वीज एका सेकंदात शंभर वेळा दिशा बदलते. त्यामुळे मोटरीच्या मुख्य वेटोळ्यातील चुंबकशक्ती झोपाळ्यासारखी नुसती पुढे-मागे होते. फिरत्या चाकाला ती फिरवत ठेवू शकते, पण थांबलेल्या चाकाला कोणत्या बाजूने फिरावे हे तिला सांगता येत नाही. कुंभाराचे चाक आपण पाहिले असेल. कुंभार खाचेत काठी घालून चाकाला प्रथम गरगर फिरवतो आणि मग काठी काढून घेतो. तशी काठी या मोटरीत असते ती म्हणजे दुसरे, बारीक तारेचे वेटोळे. कारागीर पहिल्याला ‘रनिंग’ आणि दुसऱ्याला ‘स्टार्टिंग’ म्हणतात. कुंभाराचे चाक पुढे हळूहळू मंदावते. मोटरीचे चाक मात्र एकदा फिरू लागले की मुख्य वेटोळे त्याला थांबू देत नाही. आणि काठी वेळीच काढून घेणारा जो हात, तो म्हणजे खुंट्यांवर बसवलेला ‘रिले’ नावाचा लहानसा पुर्जा. ही बारीक तार फार वेळ वीज सोसू शकत नाही. काठी चाकात राहिली तर काठीच मोडावयाची!

रिलेशेजारी आणखी एक पहारेकरी असतो, ‘ओव्हरलोड’. दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी त्यात असते. अडून बसलेली मोटर चालत्या मोटरीच्या कित्येक पट वीज ओढते. त्या विजेने पट्टी तापते, वाकते आणि ‘टक्’ करून वाट तोडते. निवली की पुन्हा सरळ होते. आम्ही ऐकत होतो ते ‘टक्’ हे त्या पहारेकऱ्याचे दार लावणे व उघडणे होते. डबा चटका बसण्याइतका का तापला होता, हेही येथे उलगडते. अडलेल्या मोटरीत शिरलेली सगळी वीज उष्णता होऊन बसली होती. गरम डबा म्हणजे जळालेला डबा नव्हे.

मिस्त्रीकाकांनी आता प्लग उपसून काढला आणि तो भिंतीपाशी न ठेवता तारेसकट स्वतःच्या गुडघ्यापुढे ठेवला. आपले हात आत असताना दुसऱ्या कोणी अनवधानाने प्लग खोचू नये, यासाठी त्यांचा हा नेम होता. मग डबा निवेपर्यंत ते स्वस्थ बसले. तापलेला ओव्हरलोड वाट तोडून बसलेला असतो. तेव्हा मोजमाप केले तर चांगलाही पुर्जा वाईट ठरावा. आजींनी केलेला चहा त्यांनी या वेळेत घेतला.

डबा निवल्यावर त्यांनी टोपण काढून रिले व ओव्हरलोड बाजूला केले. तीन खुंट्या उघड्या पडल्या. आता खरी नाडीपरीक्षा सुरू झाली. मीटरच्या दोन सुया त्यांनी दोन-दोन खुंट्यांना आळीपाळीने लावल्या आणि नातवाला आकडे लिहून घेण्यास सांगितले. एका जोडीत १२ ओम, दुसरीत २०, तिसरीत ३२.

ओम हे तारेच्या अडथळ्याचे माप. शाळेत गणित शिकवणाऱ्या गेऑर्ग ओम या जर्मन गृहस्थाने १८२७ साली आपला प्रसिद्ध नियम ग्रंथरूपाने मांडला, त्याचे नाव या मापाला मिळाले आहे. मुख्य वेटोळ्याची तार जाड, म्हणून तिचा अडथळा कमी. स्टार्टिंगची तार बारीक, म्हणून तिचा अडथळा अधिक. दोन्ही वेटोळ्यांचे एकेक टोक ज्या एका खुंटीवर बांधलेले असते, ती ‘कॉमन’.

“आता यातली कॉमन कोणती, ते तू सांग,” मिस्त्रीकाका म्हणाले.

नातवाने कागदाकडे पाहून बराच विचार केला. “१२ आणि २० मिळून ३२ होतात,” तो हळूच म्हणाला, “म्हणजे ३२ वाल्या जोडीत वीज दोन्ही वेटोळ्यांतून जाते. मग त्या जोडीत नसलेली जी तिसरी खुंटी, ती कॉमन!”

मिस्त्रीकाका हसले. एखादे वेटोळे तुटले असते तर मीटरने आकडाच दाखवला नसता. चरख्यावरचे सूत एका जागी तुटले तरी चाती फिरते, पण सूत काही निघत नाही, तसे झाले असते. तारेवरचा लेप जळून बरेच वेढे एकमेकांना चिकटले असते, तर आकडे फार लहान आले असते आणि बेरीज जुळली नसती. नंतर त्यांनी डब्यावरचा रंग एका जागी किंचित खरवडला, एक सुई तेथे लावली आणि दुसरी तिन्ही खुंट्यांना लावून पाहिली. मीटर हलला नाही. वीज तारेतून डब्याच्या अंगात उतरत नव्हती. तेथवर वेटोळी निरोगी ठरली.

उरले दोन संशयित. ओव्हरलोडची वाट मीटरने सलग दाखवली. मग त्यांनी रिले उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला! या रिलेमध्ये चिनी मातीसारखी एक लहान चकती असते. ती थंड असेपर्यंत विजेला वाट देते, आणि तापली की स्वतःच वाट अडवते. काठी काढून घेण्याची ही किती सोपी युक्ती! परवा संध्याकाळी वीज येत-जात राहिली, मोटर पुनःपुन्हा उठू पाहत राहिली, आणि त्या तापण्या-निवण्यात जुनी झालेली चकती तडकली होती. मीटरनेही रिलेमध्ये वाट दाखवली नाही. स्टार्टिंगला वीजच मिळत नव्हती. चाकाला काठी लावणारे कोणी नव्हते.

“मोटर अडकलेली नसेल कशावरून?” मी विचारले.

“आतला दट्ट्या अडकला असता तरी हाच आवाज आला असता,” ते म्हणाले. “नवा रिले लावू, मग तीच सांगेल.”

नातू सायकलवरून वर्ध्याला जाऊन त्याच क्रमांकाचा रिले घेऊन आला. तो बसला, टोपण लागले, प्लग भिंतीत गेला. डबा एकदा थरथरला आणि मग त्यातून एकसारखा, मंद, समाधानी आवाज येऊ लागला. मिस्त्रीकाकांनी तारेभोवती चिमट्यासारखा मीटर धरला. काटा क्षणभर उसळून एका अँपिअरच्या आत येऊन स्थिरावला. तिसऱ्या प्रहरापर्यंत मडक्यातली डबी पुन्हा फ्रिजमध्ये गेली. आजींनी पैसे विचारले तेव्हा त्यांनी रिलेची किंमत आणि आपली मजुरी तेवढी सांगितली. ‘वीज गेली तर आल्याबरोबर सुरू करू नका, माय. पाच मिनिटं थांबा. आतला दाब उतरू द्या,’ एवढे बजावून ते निघाले. कॉम्प्रेसर थांबला की एका बाजूचा कोंडलेला वायू हळूहळू दुसऱ्या बाजूस उतरतो; तो उतरण्यापूर्वी मोटर उठवणे म्हणजे भरल्या ताटावरून उठलेल्याला शर्यतीत पळावयास लावणे.

प्रत्येक वेळी निकाल असाच सुखाचा लागे असे मात्र नाही. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडी गावातल्या एका दुकानात फ्रिज उत्तम गार करीत होता, पण ओल्या हाताने दार उघडले की बोटांना झिणझिण्या येत. मालकाला त्याचे विशेष वाटत नव्हते. मिस्त्रीकाकांनी प्लग काढून पाहिला, तर त्याचा तिसरा, जाड पाय कोणी कापून टाकला होता. हा तिसरा पाय जमिनीशी जोडलेला असतो. यंत्राच्या अंगात उतरलेली वीज माणसाच्या देहातून जाण्याऐवजी त्या वाटेने जमिनीत जावी, म्हणून त्याची योजना असते. त्यांनी सिरीज बोर्डाची एक तार खुंटीला आणि एक डब्याला लावली. पाटीवरचा दिवा लागला. आजींच्या फ्रिजला मीटर हलला नव्हता तेथे इथे दिवाच पेटला होता. ‘बॉडी शॉर्ट!’ ते म्हणाले. दिवा फक्त हो की नाही एवढे सांगतो. पण येथे तेवढे पुरे होते.

“गार तर होते ना? हंगाम संपू द्या, मग पाहू,” मालक म्हणाला. दुकानात शाळेची मुले शीतपेये घेण्यास येत. दार तीच उघडत. मिस्त्रीकाका त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी प्लगची तार मुळाशी कापली, प्लग आपल्या पिशवीत टाकला आणि ‘कॉम्प्रेसर बदलायचा असेल तेव्हा बोलवा’ असे सांगून ते उन्हात चालू लागले. मालक दोन दिवस रागावला, तिसऱ्या दिवशी त्याने बोलावणे पाठवले.

तो काढलेला कॉम्प्रेसर, वायू व तेल रिकामे केल्यावर, मिस्त्रीकाकांनी आपल्या अंगणात करवतीने कापला. नातू आणि मी मुद्दाम पाहावयास गेलो होतो. आत जळक्या तेलाचा उग्र वास कोंडला होता. तांब्याची वेटोळी सगळीकडे लालसर चकाकत होती. फक्त एका कडेला, जेथे ती लोखंडाला घासत होती, तेथे नखाएवढी जागा काळी पडली होती. बाकीचे तांबे भंगारवाल्याने तोलून नेले. तो काळा वेढा मात्र नातवाने मागून घेतला.